जुन्या पात्रावरचं घर

आई, या जानेवारीत खालच्या गल्लीत पाणी शिरलं. तू म्हणाली होतीस तसंच शिरलं, नदीच्या बांधावरून नाही, जमिनीखालून. हे तुला सांगावं असं तेव्हापासून मनात आहे. पण तू जाऊन बावीस वर्षं झाली, आणि चार ओळींपेक्षा जास्त मराठी मी कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही, त्यामुळे कागद पुढे घ्यायला उन्हाळा उजाडला.

आपण देश सोडून इथे आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबांना फळं डबाबंद करायच्या कारखान्यात नोकरी होती आणि कारखाना नदीकाठी, म्हणून आपलं घरही नदीकाठी. तू सांगलीला आरेखन शिकली होतीस, त्या जोरावर तुला काउंटीच्या कचेरीत, नकाशा विभागात काम मिळालं. जुने, फाटायला आलेले नकाशे नव्या कागदावर उतरवायचे, एवढंच काम. पण तू ते नुसते उतरवत नव्हतीस, वाचत होतीस. कधी एखादी नक्कल घरी आणायचीस, जेवणाच्या टेबलावर पसरायचीस आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचीस. शनिवारी मला घेऊन बांधावर चालायला निघायचीस. मला मैत्रिणींकडे जायचं असायचं, आणि तू मात्र थांबून थांबून दाखवते आहेस: हे शाळेचं मैदान दिसतं ना, इथे मोठं टेकाड होतं. इथले मूळचे लोक त्यावर राहायचे, कारण पाणी कुठवर चढतं हे त्यांना ठाऊक होतं. नंतर आलेल्यांनी टेकाड सपाट केलं. हा बांध चिनी मजुरांनी हातगाड्यांवर माती वाहून घातला, आणि बांधामागची जमीन विकत घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना ती परवानगी नव्हती. त्या पलीकडच्या नाशपातीच्या बागा जपानी कुटुंबांनी लावल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांना उचलून छावण्यांत नेलं, आणि त्या वर्षीची फळं दुसऱ्यांनीच उतरवली. हे सगळं तू कृष्णाकाठच्या गोष्टी सांगाव्यात तशा सांगायचीस, जणू इथेही तुझं माहेर होतं.

आणि शेवटी तू नेहमी त्या एका बागेपाशी यायचीस. बाग इतर बागांपेक्षा हातभर खोल होती आणि घोड्याच्या नालेसारखी वळलेली होती. "ही बाग नाही, ही नदीच आहे," तू म्हणायचीस. सगळ्यात जुन्या नकाशात नदी तिथून वाहत होती. नंतर ती सरळ केली, वळण मागे राहिलं, त्यात गाळ आणि माती भरली, वर झाडं लावली. "खाली अजून वाळूच आहे. मोठ्या पुरात पाणी बांधाच्या खालून, त्या वाळूतून येईल. वर बघत बसतील सगळे."

मी सोळा वर्षांची असताना त्या बागेवर घरं बांधायचं ठरलं आणि काउंटीने लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. तू त्या दिवशी रजा घेतलीस, निळी साडी नेसलीस, आणि सभागृहाच्या दारात मला म्हणालीस, "माझं इंग्रजी त्यांना कळत नाही. मी लिहिलंय, तू वाचून दाखवशील?" मी नाही म्हटलं. माझ्या वर्गातल्या दोन मुलींचे वडील पुढच्या रांगेत बसलेले होते. मग तूच माइकपाशी गेलीस. एका गृहस्थांनी तुला तीनदा पुन्हा सांगायला लावलं. मागे कोणीतरी हसलं. बोलायला दिलेली तीन मिनिटं संपल्यावर घंटी वाजली तेव्हा तू नकाशाची घडी घालत होतीस, आणि ती घडी काही नीट बसत नव्हती.

गाडीत मी म्हणाले, "कोणाला काय पडलंय, आई? तू सगळ्यांसमोर मला एम्बॅरस केलंस." तू नकाशा मांडीवर घेतलास. मग म्हणालीस, "ज्याला माहीत असतं, त्यानं सांगायचं. ऐकायचं की नाही, ते त्यांच्याकडे." आवाज चढवला नव्हतास, तरी तेवढं कडक तू मला आधी किंवा नंतर कधी बोललेली आठवत नाही. पुढच्या महिन्यात ऑफिसात तुला नकाशांवरून काढून रस्त्यांच्या पाट्यांच्या टेबलावर बसवलं. बाग गेली, घरं झाली. तीच ही खालची गल्ली, विळ्यासारखी वळलेली. लोकांना वाटतं, बिल्डरने शोभेसाठी वळवली.

मी घर घ्यायला निघाले तेव्हा तू आजारी होतीस. तू मला त्या सगळ्या भागाचा एक हाताने काढलेला नकाशा दिलास, आणि जुनं पात्र निळ्या पेन्सिलीने रंगवलंस. मी तो पाहून वरच्या बाजूला, जुन्या टेकाडाच्या जागेजवळ घर घेतलं. म्हणजे स्वतःपुरतं मी तुझं ऐकलं होतं, आई. हे आधी सांगून टाकते.

तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीबद्दल, काकूंबद्दल सांगायचं आहे. तू गेल्यावर दर रविवारी फोन करून माझी चौकशी करणाऱ्या त्या एकट्याच. काका गेले आणि फ्रीमाँट शहरातल्या टाउनहाउसचे जिने त्यांच्या गुडघ्यांना झेपेनात. मुलगा टेक्सासमधल्या प्लेनोला राहतो, त्याने बोलावलं, पण त्यांना इतक्या लांब जायचं नव्हतं. "तुझ्याजवळ कुठं एकमजली मिळते का पाह्य," म्हणाल्या. मिळालं ते खालच्या गल्लीत. मीच त्यांना गाडीतून दाखवायला नेलं. त्या मागच्या अंगणात उभ्या राहिल्या, लिंबाच्या झाडाला हात लावला आणि मला विचारलं, "कसा आहे गं हा भाग?"

मी म्हटलं, "शांत आहे, काकू. दुकानंही जवळ आहेत."

त्या क्षणी तुझी निळी पेन्सिल माझ्या डोळ्यांसमोर नव्हती असं मी म्हणू शकत नाही. पण बांध आता उंच केलेला होता, सरकारी नकाशात ती गल्ली पूररेषेबाहेर होती, आणि मला त्या जवळ हव्या होत्या. शिवाय दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून वाळू आणि जुनी पात्रं यांच्याबद्दल बोलायचं, म्हणजे मी तू झाले असते. त्या वयातही मला ते नको होतं.

नऊ वर्षं छान गेली. दर गुरुवारी मी फार्मसीतली ड्यूटी संपवून त्यांच्याकडे जेवायला जायची. त्या पाटवडीचा रस्सा करायच्या आणि मी दारातून आत गेले की ओट्याजवळूनच विचारायच्या, "आली का? हात धू." तू गेल्यानंतर मला असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

जानेवारीत दहा दिवस पाऊस लागला. अकराव्या दिवशी उघडला आणि सगळे बांधावर जाऊन नदी पाहून आले. पाणी बांधाच्या माथ्यापासून बरंच खाली होतं. दुपारी दोनला मी कामावर असताना काकूंचा फोन आला. "अगं, वरून तर पाऊस थांबला, पण अंगणातून पाणी उकळल्यावानी वर येऊन राहिलं. वाळू पण येते त्याच्यासंगं." मला लगेच कळलं. मी म्हटलं, "काकू, ओट्यावर चढून बसा, मी येते." पण गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी रस्ता बंद केला होता. मी तिथे दीड तास उभी होते. अग्निशमन दलाच्या लोकांनी त्यांना रबरी होडीतून आणलं तेव्हा त्या कमरेपर्यंत भिजलेल्या होत्या. ओट्यावर चढता आलं नव्हतं, म्हणून त्या खुर्चीवरच बसून राहिल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "गॅस बंद केला मी." मग न्यूमोनिया झाला. तीन आठवडे हॉस्पिटल. जीव वाचला, पण त्या पुन्हा चालू शकल्या नाहीत. मुलगा येऊन त्यांना प्लेनोला घेऊन गेला. घराच्या भिंतींचं भिजलेलं अस्तर खालून चार फूट कापून काढलं आणि घर आता तसंच उभं आहे.

एप्रिलमध्ये मी प्लेनोला गेले. मुलाने विमानतळावरून आणताना आपणहून विषय काढला. "ताई, तू उगाच गिल्टी वाटून घेऊ नकोस यार. ती गल्ली फ्लड झोनमध्ये नव्हतीच, मी स्वतः चेक केलं होतं." मी मान हलवली. काकूंना खालच्या मजल्यावरची मोठी खोली दिली आहे, खिडकीतून नुसती हिरवळ दिसते. त्या फार बारीक झाल्या आहेत. मी सगळं सांगायचं ठरवून गेले होते. विमानात वाक्यं जुळवली होती. मी खुर्ची ओढून बसले, आणि त्याच आधी बोलल्या.

"तुझ्या आईनं एकदा मला नकाशा दाखवला होता. निळ्या रंगाचा. ती बाग म्हणजे जुनी नदी आहे म्हणून सांगत होती. घर घेताना मला ते आठवलं होतं."

मी विचारलं, "मग का घेतलंत, काकू?"

"तुला विचारलं ना मी, कसा आहे भाग म्हणून. तू तिची मुलगी. मनात आलं, काही असतं तर हिनं सांगितलं असतं. तू काही बोलली नाही, तर मी समजली, आता भीती नसंल." त्या रागावलेल्या नव्हत्या. थकल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुला माहीत नव्हतं न गं?"

मी म्हटलं, "नाही, काकू. आईने मला कधी सांगितलंच नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "जाऊ दे. तिचं असंच होतं. मनातलं मनातच ठेवायची."

आई, मी ते तसंच राहू दिलं. स्वतःला वाचवायला मी तुलाच गप्प बसणारी ठरवलं, भरल्या सभेत जी तीनतीनदा बोलली तिला. हे पत्र खरं म्हणजे तुला नाही, प्लेनोच्या पत्त्यावर जायला हवं. त्या शहाऐंशीच्या आहेत, दिवस फार नाहीत. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे, तिकीटही लावलं आहे, आणि तरी वरती मी तुझंच संबोधन घातलं. तुला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकावं लागत नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.