ट्रॅफिकमधून गाडी काढायची माझी पद्धत

२ फेब्रुवारी १९८६, रविवार
मुलुंडला लग्न. आग्रा रोड तुंबलेला, तरी घाटकोपरहून मी आणि सुलक्षणा मोटरसायकलवरून मुहूर्ताआधी हजर. तिचा भाऊ सहदेव बसने आला, तोवर अक्षता पडून गेलेल्या. त्याला माझी पद्धत समजावली. थांबलेल्या गाड्यांच्या मधून जायचं. हॉर्न एकदाच, उगाच पों-पों नाही. ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसलो पाहिजे. जागा दिली की हात दाखवून थँक्यू. बाकी हिशोब सोपा, हँडल गेलं की सगळं गेलं.
सहदेव म्हणाला, भावोजी, ताई साडीत एका बाजूला बसते, तिचे गुडघे तुमच्या हँडलच्या बाहेर येतात ना. मी म्हटलं, बसने फिरणाऱ्यांनी मोटरसायकलवर बोलू नये. येताना सुलक्षणाच्या शालूला ग्रीस लागलंय. धुतलं की जाईल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
काल संध्याकाळी तिच्या माहेरून, नाहूरहून परत येत होतो. विक्रोळीला कंपन्या सुटलेल्या. डावीकडे ट्रक, उजवीकडे बस, मध्ये भरपूर जागा. हँडल आरामात गेलं. मागून सुलक्षणा म्हणाली, अहो, पाय. वाटलं, बसून अवघडली असेल. सिग्नलला बघू म्हटलं. सिग्नलला बघितलं तर साडी रक्ताने भिजलेली. गुडघ्याची वाटी फुटली.
ट्रकवाल्याने अर्धा फूट सोडला असता तर काही झालं नसतं. रस्त्यावर मॅनर्स म्हणून राहिलेले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार
प्लास्टर आहे, आमचा तिसरा मजला, म्हणून सुलक्षणा नाहूरला. तात्पुरतं. आज भेटून आलो. सासूबाई म्हणाल्या, चाय घेतल्याशिवाय जाव नकात. सुलक्षणाने एवढंच विचारलं की, दूधवाल्याला आता एकच पिशवी टाकायला सांगितलीत ना. आजारपणातही काटकसर. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

९ मार्च, रविवार
संकल्प. सुलक्षणा मागे असताना गॅपमध्ये शिरायचं नाही. अगदी घाई असेल तरच. घाई म्हणजे लग्न, दवाखाना, सिनेमा, पाहुणे.
वेल्डरकडून गाडीला डाव्या बाजूने गुडघ्यांसाठी लोखंडी गार्ड करून घेतला. झकास काम. त्याच्यामुळे गाडी आता कुठल्याच गॅपमधून जात नाही, म्हणून ऑफिसला जाताना काढून ठेवतो.
घर खायला उठतं. दाराशी तिची एकच चप्पल आहे. दुसरी त्या दिवशी विक्रोळीला पडली. शेजारचे नाना म्हणाले, जयवंता, टाकून दे ती, एक ठेवून काय करणार. नाही टाकली.

२३ मार्च, रविवार
प्लास्टर निघालं. पाय नीट वाकत नाही. मी म्हटलं, वाकेल हळूहळू. मग तिने विचारलं, त्या दिवशी मी बोलले ते तुम्हाला ऐकू आलं होतं का. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही.
मी सारखा हॉर्न वाजवत होतो, असं सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी सांगेन.

६ एप्रिल, रविवार
सुलक्षणा येतेय! पाडवा आपल्या घरी करू म्हणाली. बुधवारी सहदेव तिला रिक्षातून आणणार. तिची एकच अट. तुम्ही गाडीवरून रिक्षाच्या मागे या, पुढे जाऊ नका. नाहूर ते घाटकोपर, एवढं एकदा माझ्या मागे राहा, बाकी माझं काही मागणं नाही. एवढंच ना? मी तर घाटकोपरच्याही पुढे, देवनारपर्यंत मागे राहीन. जिना चढायला दोन पोरं सांगून ठेवली. घर धुऊन काढलं.

९ एप्रिल, बुधवार, संध्याकाळ
भांडुपपर्यंत मागे होतो. अगदी शिस्तीत, रिक्षाचा धूर खात. दोनदा तिने मागच्या काचेतून वळून पाहिलं. दुसऱ्यांदा हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची तशी.
कांजूरला सगळं ठप्प. रिक्षाच्या डाव्या बाजूला अशी जागा की बस. मनात वाईट काही नव्हतं. म्हटलं, पुढे कोण अडकलंय ते बघू, तिला रस्ता करून देऊ आणि लगेच मागे येऊ. हँडल सहज गेलं. रिक्षावाल्याला हात दाखवून थँक्यूसुद्धा केलं. ती आत बसली होती, माझ्याकडे बघत असणार. मी हँडलकडे बघत होतो.
नाक्यावर पोचून थांबलो. ट्रॅफिक सुटला. बस गेली, टेम्पो गेले, रिक्षा कितीतरी गेल्या. शेवटी सहदेव चालत आला. ताईने मागच्या वळणावरून रिक्षा परत फिरवली म्हणाला. मी विचारलं, चिडली का? म्हणाला, नाही भावोजी, चिडली असती तर बरं होतं.
नाहूरकडे जाणारा रस्ता पूर्ण मोकळा होता. मधे एक गाडी नाही. मला जाता आलं नाही. जाऊन काय सांगणार होतो?
मला ऐकू आलं होतं.

१० एप्रिल, गुरुवार, पाडवा
नाहूरला बसने गेलो. सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, निजलीहा ती. आतून तिच्या चालण्याचा आवाज येत होता. एक पाऊल टेकायचं, दुसरं ओढायचं.
मी म्हटलं, झोपू दे तिला.