कोपरावरचं पाणी

दादा,

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून लिहितेय. पाठवीन असं नाही.

हातकागद करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं माझा एक कागद प्रदर्शनात लावलाय. आईला पोचवून आल्यावर त्याच दुपारी केलेला. हौदात लगदा तयार होता, नासला असता. "आई गेली आणि ही कामाला लागली, दगड आहे नुसती," असं तू सगळ्यांसमोर म्हणालास, तेव्हाचा.

उजेडात धरला की त्यात गोल, पातळ ठिपके दिसतात. संघटनेच्या बाईंनी कधी केला ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी खाली पाटी लावली, 'लेकीचे अश्रू'. लोक म्हणे त्यापुढे डोळे पुसतात.

अश्रू कसले! लगद्यातून साचा उचलताना कोपरावरून पाणी ओल्या कागदावर ठिबकलं. मला रडू आलंच नाही. अजूनही येत नाही. जेवते, झोपते, सगळं ठीक चाललंय.

ठिपका पडलेला कागद आई ठेवायची नाही, आठवतं? लगेच परत लगद्यात, आणि वर आपल्याला बोलणी बसायची. त्या दिवशी मी साचा तसाच हातात धरून बराच वेळ उभी राहिले.

बोलणी बसायची वाट बघत.

तुझी,
दगड