भाऊबीजेचा मासा

१२ ऑक्टो., रवि.
अमेयचा फोन नाहीच. नोकरी गेल्यापासून धाकटे बंधुराज जर्मनीत तोंड मिटून बसलेत. आईला "कामात आहे" म्हणून थाप तरी मारतो, मला तीही नाही. आज मेसेज: "ताई, यंदा भाऊबीजेला व्हिडिओ कॉल नको. ओवाळणी घालायला हात रिकामे आहेत." वाचून आधी रडू आलं, मग संताप. गाढव कुठला.

१४ ऑक्टो.
पैसे पाठवले तर परत येतील, ओळखून आहे त्याला. पण खेळ? लहानपणी एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचो. बाण त्याचे, अक्षरं माझी. हात गुंतले की हा बोलायचा. दहावीची भीतीसुद्धा तशीच सांगितली होती, पडद्यावरची नजर न काढता.
एक होडीचा खेळ सापडला. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने मासे पकडायचे. 'भेट द्या' दाबलं. उत्तर: घेणाऱ्याच्या देशात ही भेट पाठवता येणार नाही. परत दाबलं. परत तेच.

१५ ऑक्टो.
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या हेतलबेनना विचारलं. मुलगा दिवसभर खेळतो, म्हणून त्या जाणकार. "अरे, आपणे त्यां गेम सस्ती छे, एटले बहार जवा नथी देता." तिकडचे लोक इकडून स्वस्तात मागवत सुटतील, म्हणून अटकाव. वर सल्ला: "एने कहे ने, वडोदरानुं खोटुं सरनामुं नाखी दे!" खोट्या पत्त्याचा मोह झाला, खरं सांगते. पण त्यापायी त्याचं खातंच बंद झालं तर? जुने सगळे खेळ त्यातच. नको.

१७ ऑक्टो., वसुबारस
फराळाचा डबा पोचला! चकल्या विमानात बसल्या, कस्टममधून सुटल्या, त्याच्या दारात. आणि ज्याला वजनच नाही तो खेळ इथेच अडकलेला. अमेयचा एकच शब्द: "पोचलं." आई खूश. मी नाही.

१९ ऑक्टो., रवि.
आज डोक्यात प्रकाश पडला. भेट द्यायचीच कशाला? खेळ मी माझ्याच नावाने घेतला. चालणार माझ्या संगणकावर, तो तिकडून नुसता सामील होणार. त्याला पडदा दिसतो, बटणं तो दाबतो. त्याच्याकडे खेळ असायची गरज नाही. देश कोणता, कुणी विचारत नाही. म्हणजे डबा पाठवण्याऐवजी माणसालाच जेवायला बोलवायचं!
आमंत्रण धाडलं: "वल्हवायला माणूस हवाय. बाण तुझे."
वाचलंय. उत्तर नाही.

२२ ऑक्टो., पाडवा
हेतलबेन त्यांच्या नव्या वर्षाचे तळलेले मठिया घेऊन आल्या, "साल मुबारक!" आईने विचारलं, उद्या तबक काढू का? काढ म्हटलं. कशाच्या जोरावर, कोण जाणे.

२३ ऑक्टो., भाऊबीज
दुपारी होडीत दुसरं माणूस उगवलं. आला!!
त्याने दाबलेलं बटण इथे उशिरा पोचतं, त्यामुळे होडी जागच्या जागी गोल. "ताई, आपल्या गोत्रीच्या घरचं नेट अजून बैलगाडीनेच येतं का?" किती दिवसांनी हसला.
मग वल्हवता वल्हवता बोलायला लागला. नोकरी कशी गेली. मित्रांना कसा टाळतो. व्हिसाचं काय होईल... मी गळ टाकत राहिले.
शेवटी म्हणाला, "गळ मला दे जरा." बऱ्याच खटपटीने एक मासा लागला. तो माझ्या टोपलीत टाकला. "घे ओवाळणी. ओवाळ आता."
आईने निरांजन लावलंच होतं. कॅमेरा सुरू केला त्याने. दाढी वाढलीय. पडद्याला ओवाळलं. आई म्हणाली, "भाऊबीजेला मासा कसला घालतोस रे!" आणि पदराने डोळे पुसत बसली.
मासा माझ्या संगणकात राहिला. जर्मनीहून आला, कुणी अडवला नाही.

२६ ऑक्टो., रवि.
उद्या अमेयची मुलाखत. घाबरलाय. "झाली की फोन करू, की खेळायला येऊ?"
"खेळायला ये," म्हटलं.
उद्या ऑफिसातून आल्या आल्या संगणक लावून बसणार. खेळात मासे विकून नवी वल्ही घेता येतात. जुनीच चालतील. तो मासा विकायचा नाही.