चार खोटे दिवस

आई, काल तुझ्या नातीला घेऊन पुसदहून यवतमाळला गेले होते. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस त्यानंतर तीन वर्षांनी ती झाली. आता सोळा वर्षांची आहे, माझ्याहून उंच, आणि वाद घालायला लागली की थेट तुझ्यासारखी हनुवटी वर करते. त्या हनुवटीवर राठ केस यायला लागलेत. पाच महिने पाळी नाही. मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा उमटलाय. तुला आणखी काही सांगायला नको, हे सगळं तू माझ्या अंगावर पाहिलेलं आहेस.

मी दहावीत होते. बाभुळगावच्या आपल्या घरात बाईला पाळी आली की ती चार दिवस मागच्या पडवीत बसायची. वेगळी गोधडी, वेगळं ताट, स्वयंपाकघरात पाऊल नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ. त्यामुळे कोणाचे दिवस कधी, हे घरभर माहीत. मोठीआईला, म्हणजे तुझ्या थोरल्या जावेला, सगळ्यांच्या तारखा तोंडपाठ. आणि जी बसत नाही तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष. मी तीन महिने बसले नाही तेव्हा तू मला कोठ्यात नेलंस, गायीच्या आडोशाला उभं केलंस, माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवलास. ‘खरं सांग, कोणासंगं गेलती का?’ मला तो प्रश्नच कळला नाही. मी नुसती रडत राहिले, आणि माझ्या रडण्यावरच तू विश्वास ठेवलास. मग म्हणालीस, ‘उद्यापासून चार दिवस बाहेर बस. कोणी इचारलं तं हो म्हणजो.’

त्यानंतर अडीच वर्षं मी खोटी बसले. तारीख तू ठरवायचीस. मी पडवीत पुस्तकं घेऊन बसते आहे, मोठीआई लांबूनच ताट सरकवते आहे, तू चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापते आहेस. मला विज्ञानाची गोडी लागली ती त्या पडवीत, कारण दुसरा उद्योगच नव्हता. एकदा वणीला मावसबहिणीचं लग्न निघालं आणि तू माझे दिवस दहा दिवस अलीकडे ओढलेस. मोठीआई म्हणाली, ‘तुह्या पोरीची अडचण मोठी गुणाची हाय वं. लग्न पाहून येते.’ सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पण परातीतलं पीठ तुझ्या हातून सांडलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्याइतकीच तूही घाबरलेली आहेस.

आणि दर रविवारची ती वजरी. टाचा घासायच्या दगडाने तू माझी मान घासायचीस. मी ओरडले की पाठीत धपाटा. ‘मळाचे थर साचले. पाहुणे पाह्यले आले तं काय म्हणतीन?’ मान सोलवटून निघायची, आठवडाभर शाळेच्या गणवेशाची कॉलर झोंबायची, आणि पट्टा जिथल्या तिथे. तुझा फार राग यायचा, आई. अजून येतो. यवतमाळ काही परदेशात नव्हतं, तिथे बाईडॉक्टर होती. मी म्हटलंही होतं. तू म्हणालीस, एकदा डॉक्टरच्या कागदावर नाव चढलं की ते सोयरीक जुळवणाऱ्यांपर्यंत जातं.

असंच एकदा मी चिडून विचारलं, अजून किती दिवस बसायचं मी? तू तूर निवडत होतीस. सुपातून नजर वर न करता म्हणालीस, ‘म्या सात वर्ष बसली. तू पोटात राह्येपर्यंत.’ तुझ्या तोंडून पुढचं काढायला मला दुपार लागली. लग्नानंतर तुलाही वर्षातून दोनदा-तीनदाच यायची. पण बसली नाहीस की आजीला वाटायचं सुनेला दिवस गेले. ती देवाला नारळ ठेवायची, मग काहीच नाही म्हटल्यावर घरभर बोलणी. म्हणून तू दर महिन्याला ठरवून बसायला लागलीस. निदान आशा तरी कोणाची लागत नाही, म्हणालीस. तुझ्या हातातलं सूप घेऊन उरलेली तूर मी निवडली, एवढंच.

तुला शुगर लागली, पायाची जखम चिघळली, आणि तू पन्नाशीतच गेलीस. पुढे मूल राहीना म्हणून माझी सोनोग्राफी झाली, तेव्हा आपल्या दोघींच्या दुखण्याला नाव असल्याचं कळलं. आता शाळेत मी दहावीला संप्रेरकं शिकवते. फळ्यावर आकृती काढून सांगते की ही शरीरात निरोप्याचं काम करतात, प्रमाण बिघडलं की बीज वेळेवर सुटत नाही, पाळी चुकते, केस राठ होतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून मानेच्या घडीतली कातडी काळी पडते. तो मळ नसतो. हे वाक्य तर मी मुलींना दोनदा सांगते.

कालची डॉक्टर तरुण होती, सावकाश बोलणारी. चालणं, खाणं, तपासण्या, सगळं नीट समजावलं. तुझी नात न लाजता उत्तरं देत होती, मला बरं वाटलं. मग डॉक्टरनी विचारलं, घरात कोणाला शुगर? मी म्हटलं, माझ्या आईला होती. आईच्या पाळीचं काही? मी म्हटलं, ती दर महिन्याला बसायची. डॉक्टरनी तसं लिहून घेतलं. माझ्याविषयी सगळं सांगितलं गं, पण तुझ्यावर पांघरूण घातलं. का, ते मला सांगता येत नाही. तुझी अब्रू अजून माझ्या हातात आहे असं काहीतरी वाटलं.

नंतर त्यांनी पोरीचे केस बाजूला करून मान पाहिली आणि थबकल्या. इथे एवढं लाल कशाने झालं? आई, सकाळी निघण्याआधी मी तिची मान घासली होती. डॉक्टरसमोर बरी दिसावी म्हणून. तुझीच वजरी, ती मी बाभुळगावहून आणलेली. मला सगळं माहीत असताना माझा हात चालत होता, आणि ती नळ धरून गप्प उभी होती. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, ‘मीच खाजवलं, मॅडम.’ आवाज अगदी सरळ. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. बसमध्ये खिडकीशी बसली, ओढणी मानेभोवती घेतली, आणि उतरेपर्यंत आम्ही दोघी पिकांविषयी बोलत राहिलो.

आज रविवार. वजरी मी दुपारी बाहेर टाकून आले. ती आत गणितं सोडवते आहे, पानं उलटल्याचा आवाज इथपर्यंत येतो. तीनदा दारापर्यंत गेले आणि चहा हवा का एवढंच विचारून परतले. मग हे लिहायला बसले. तू उलटून काही विचारणार नाहीस, म्हणून तुला. खरं तर यातलं सगळं तिलाच सांगायचं होतं.