मालिनावचा पिनरमधला यजमान

पिनर, लंडन, २४ मे

प्रिय पद्माकर,

ताजी बातमी आधी. पुढच्या वर्षी मालिनाव गावच्या जत्रेचा यजमान मी आहे. लूझने आज सकाळी फोनवर याला दुजोरा दिला, आणि देव आत्ता आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभे आहेत. तळेगावच्या ज्येष्ठांच्या सोसायटीत तुझ्या शेजारचा फ्लॅट तू माझ्यासाठी अडवून ठेवला आहेस, बिल्डरला तीस तारखेपर्यंत हो की नाही सांगायचं आहे आणि तू तीनदा विचारलं आहेस, हे सगळं लक्षात आहे. उत्तर देतोच. पण क्रमाने सांगू दे.

मालिनाव फिलिपिन्समध्ये आहे. लूझ तिथली. तुझ्या मंजिरीवहिनीच्या शेवटच्या चार महिन्यांत रोज घरी यायची ती नर्स. व्हिडिओ कॉलवर तुलाही तिने मीठ कमी खायला सांगितलं होतं. त्या गावची चाळीसेक घरं लंडनमध्ये आहेत आणि दर मे महिन्यात ती इल्फर्डला एक हॉल घेऊन आपल्या ग्रामदैवताची जत्रा करतात. यंदा त्यांना पुस्तिकेत गावाचा इतिहास छापायचा होता. मी तीस वर्षं इथल्या लोकल साप्ताहिकात काढली, कौन्सिलच्या मीटिंगा आणि हरवलेली मांजरं दोन्ही सारख्याच गांभीर्याने छापली, एवढ्या भांडवलावर लूझने ते काम मला दिलं. आठशे शब्द, शुक्रवारपर्यंत. डेडलाइन ऐकली की मला नाही म्हणता येत नाही.

गाव पाहिलं नव्हतं, पण लिहायला लागल्यावर वाटलं, हे तर आपलंच. नदीच्या पुरामुळे मालिनाव तीनदा उठून दुसरीकडे गेलं. दर वेळी लोकांनी चर्चची घंटा खांद्यावर वाहून नेली. चौथ्यांदा पाद्री म्हणाले, आता पूर आला तर पोहायला शिका. तेव्हापासून गाव जागेवर आहे, पण दोन आळ्यांत: वरची आळी आणि खालची आळी. प्रत्येकीचा आपला बँड. नगरपालिकेचं दार वरच्या आळीकडे होतं. खालच्या आळीचा महापौर निवडून आला, त्याने ते भिंत घालून बंद केलं आणि आपल्या बाजूला दुसरं काढलं. पुढच्या निवडणुकीत उलटं. एका वर्षी म्हणे दोन्ही दारं बंद होती आणि जन्ममृत्यूचे दाखले खिडकीतून मिळत होते. तू पुणे महापालिकेत पस्तीस वर्षं काढलीस, तुला यात काही नवल वाटणार नाही.

लंडनमध्ये आल्यावर तरी हे मिटावं? चाळीस घरांत दोन बँड, मिळून वाद्यं नऊ. मला हसता येईना. आपल्याकडे तीन मराठी माणसं जमली की चौथं मंडळ निघतं. घंटा पहिल्यांदा कोणी उचलली यावर दोन्ही आळ्यांचे मला फोन आले. मी लिहिलं, ‘घंटा जड होती, ती सर्वांनी उचलली.’ दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या, तेव्हा मजकूर छापायला पाठवला.

जत्रेला मी नात तनूला घेऊन गेलो. जेवणं झाली, भाषणं झाली आणि माझं नाव पुकारलं. स्टेजवर एका वयस्क बाईंनी माझ्या खांद्यावरून निळा रेशमी पट्टा घातला आणि हातात अननस दिला. पद्माकर, तूच सांग, आपल्या माणसाने काय समजावं? शाल आणि श्रीफळ. आपोआप मान पुढे झाली, हात जोडले गेले आणि तोंडातून सत्काराचं ते ठेवणीतलं वाक्य इंग्रजीत बाहेर पडलं: ही जबाबदारी मी नम्रपणे स्वीकारतो. टाळ्या थांबेनात. एक बाई रडल्या. दोन्ही बँड एकदम वाजू लागले, अर्थात वेगवेगळी गाणी. मला वाटलं, लेख फारच आवडलेला दिसतो.

मग दोन माणसं मूर्ती घेऊन माझ्याकडे चालत आली. तनूने पुस्तिकेचं मागचं पान वाचलं होतं. ती कानात म्हणाली, “आजोबा, तू आत्ता येस बोलला. ते पुढच्या वर्षीचा होस्ट तुला केला. गॉड आपल्या घरी येणार. आणि थ्री हंड्रेड लोकांना जेवण.”

तो पट्टा म्हणजे सत्कार नव्हता, पुढच्या वर्षीचं यजमानपद होतं. ज्याने आधी तयारी दाखवली, त्यालाच तो घालतात. यंदा ज्या घराने तयारी दाखवली होती, ते लोक गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अडले होते आणि ऐनवेळी पट्टा रिकामा होता. लूझने मला फक्त स्टेजवर ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. पट्टा माझ्या खांद्यावर टाकणं ही त्या वयस्क बाईंची स्वतःची कल्पना. मी वरच्या आळीचा नाही आणि खालचाही नाही, हे त्यांना फार सोयीचं वाटलं.

मूर्ती सान इसिद्रोंची, हे शेतकऱ्यांचे संत. सोबत नांगर आणि बैलांची जोडी, एका बैलाचं शिंग मोडलेलं. मी ते चिकटवलं, आणि सवयीने दोन्ही बैलांना हळदकुंकू लावलं. लूझने पाहिलं आणि म्हणाली, छान दिसतात, राहू द्या. आमच्या घरच्या गणपतीशी सान इसिद्रोंचं जमलं आहे. लूझ भली बाई, ती म्हणाली, “अंकल, चूक झाली हे सगळ्यांना कळतं. संडेपर्यंत सांगा, मूर्ती मी घेऊन जाते. कोणी वाईट मानणार नाही.”

आज रविवार. काल मी मूर्ती परत द्यायची म्हणून ती गुंडाळायला जुने टॉवेल काढायला गेलो. मंजिरीच्या कपाटात टॉवेलांखाली तिची हॉस्पिटलची पत्रं होती. एका पत्राच्या मागे पेन्सिलीने काढलेला नकाशा. नदी, चर्च, दोन्ही दारं असलेली नगरपालिका, वरची आळी, खालची आळी, मधला चौक. मी आठशे शब्दांसाठी लूझला विचारून विचारून जे गाव गोळा केलं, ते मंजिरीने सगळं आधीच ऐकून ठेवलं होतं. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत फोनवर औषधांचा हिशेब लावत बसायचो. चौकात तिने एक बाक काढला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘इथे बसायचं.’ मी लगेच लूझला फोन केला. ती म्हणाली, चौकात बाक नाही, कधीच नव्हता. आंटीला सांगितलं होतं, पण त्या म्हणाल्या, मग हवाच.

तर पद्माकर, फ्लॅट दुसऱ्या कोणाला दे. माझ्याऐवजी खडूस शेजारी मिळाला तर तुला फरक जाणवणार नाही. यजमानाने गावाला एक वस्तू द्यायची त्यांची पद्धत आहे. मी बाक देणार आहे. मालिनावच्या नगरपालिकेला अर्ज आज पाठवला. बाकाचं तोंड कोणत्या आळीकडे यावरून निदान वर्षभर वाद चालेल, असा लूझचा अंदाज आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच. तू उद्यान विभागात असताना पुण्यातले किती बाक कोणत्या नगरसेवकाच्या मर्जीने कुठे वळवलेस, ते मला माहीत आहे. पासपोर्ट रिन्यू कर. पुढच्या मे महिन्यात इल्फर्डची जत्रा उरकली की आपण दोघं मालिनावला जातोय. दोन्ही बँड विमानतळावर येणार आहेत, असं आत्ताच कळतंय. वेगवेगळ्या दारांशी.

तुझाच, अननसासह,
शशिधर