रुमाल टाकून धरलेली जागा

आबा, तुमच्या नातीला पुण्याच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलची खोलीसुद्धा ठरली. आणि इथं कोल्हापुरातल्या दुसऱ्या एका कॉलेजातही आम्ही पैसे भरून तिची जागा धरून ठेवली आहे. तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे मला, म्हणून तर मुद्दाम सांगतेय. तुमचे जावई म्हणतात, पुण्यात पोरीला करमलं नाही तर हाताशी एक असू दे, सगळेच धरतात. खरंच धरतात. आमच्या गल्लीत एका पोराच्या तीन कॉलेजांत जागा आहेत आणि त्याची आई ते पेढे वाटल्यासारखं सांगत फिरते. कुणाला काही वाटत नाही. मला तेवढं वाटतं, कारण मी कंडक्टरची पोरगी.

मी शाळेत होते तेव्हा तुम्ही गारगोटी–कोल्हापूर गाडीवर होता. स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला येईल ते सीटवर टाकायचे. ज्याचा रुमाल त्याची जागा. त्या दिवशी मीही टाकला, एक माझा आणि शेजारी मैत्रिणीचा. आपल्याच बापाची गाडी, मला कोण विचारणार! तुम्ही आत आलात तेव्हा लेकरू कडेवर घेतलेली एक बाई त्या रुमालांकडं बघत उभी होती. तुम्ही दोन्ही रुमाल उचलून माझ्या हातात दिलेत आणि भरल्या गाडीत म्हणालात, "रुमालाला बूड असतंय व्हय गं? बूड टेकंल त्याची शीट." सगळी गाडी हसली. मी कोल्हापूरपर्यंत उभी आले. तो राग चार दिवसांत गेला. पुढचा गेला नाही.

बारावीनंतर मला गारगोटीत डी.एड.ला जागा मिळाली होती. पण मला व्हायचं होतं नर्स, आणि कोल्हापूरच्या नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागणारच, असं जो तो म्हणत होता. ती यादी लागेपर्यंत डी.एड.ची जागा ठेवायची, एवढं साधं होतं. पण तुमच्या गाडीला रोज येणाऱ्या एका पावण्याची पोरगी त्याच डी.एड.च्या वेटिंगवर पहिली होती. तो तुमच्यापाशी रडला म्हणे. झालं! दुसऱ्या दिवशी रजा टाकून तुम्ही कॉलेजात गेलात आणि माझी जागा सोडून आलात. संध्याकाळी जेवायला बसल्यावर भाकरी मोडता मोडता सांगितलंत, "तुला नर्स व्हायाचंय न्हवं? मग हितं रुमाल कशाला?" आईची तव्यावरची भाकरी करपली. मला कुणी विचारलंच नव्हतं.

नर्सिंगच्या यादीत माझं नाव आलं नाही. मी तुमच्याकडं बघतेय आणि तुम्ही पायताणाचा अंगठा बघताय, हे मला अजून दिसतं. चुकलं, असं एकदाही म्हणाला नाहीत, शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही. मग बी.ए.ला घातलंत, ते अर्धं झालं आणि स्थळ आलं. आता मी साड्यांच्या दुकानात काउंटरला दिवसभर उभी असते. उभं राहायची सवय तुम्हीच लावलीत की.

ती वेटिंगवरची पोरगी मास्तरीण झाली. गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात साडी घ्यायला आली आणि तिनं मला ओळखलं. "ताई, तुमच्या वडलांमुळं मी आज शाळेत हाय," म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. मी तिला ढीगभर साड्या उलगडून दाखवल्या आणि ती गेल्यावर एकेक घडी घालत तुम्हाला शिव्या दिल्या. तिच्या घरी तुम्हाला देवमाणूस म्हणतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंत आबा, दुसरं काय? लेकीच्या जिवावर देवमाणूस होणं लई सोपं असतंय.

परवा इथल्या कॉलेजातून बाईंचा फोन आला. पोरगी येणार नसेल तर मोकळं सांगा, मागं मुलं थांबली आहेत, म्हणाल्या. विचारून सांगते, म्हटलं मी. आणि ठरवलं, तुमच्यासारखं करायचं नाही. माझं तुमच्याशी सगळं भांडण तेवढंच होतं. जागा गेली ती गेली, पण विचारलं का नाहीत? त्या पावण्याची पोर माझ्याच वयाची. विचारलं असतंत तर मी आपण होऊन सोडली असती, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते.

पुण्याला न्यायच्या डब्यात चटणी भरत होते, तेव्हा पोरीला सगळं नीट सांगितलं. तू पुण्यालाच जाणार आहेस, इथं कुणीतरी त्या जागेची वाट बघतंय, सोडायची का? तिनं मोबाइलमधून मान वर केली नाही.

"ठेव की. आपलं काय जातंय?"

अजून काही बोलेल असं वाटलं. डबा लहान घे, एवढंच म्हणाली. तिच्यावर ओरडणार होते, पण लहान डबा काढून चटणी त्यात भरायला लागले. माझीच पोर ती. तिच्या वयात मी काय वेगळी होते?

विचारलं असतंत तर मीही ठेवाच म्हणाले असते, आबा. तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाहीत. एवढं कबूल करते. राग तरीही गेलेला नाही. हे पत्र पेटीत टाकायचा आता प्रश्नच नाही, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही परत भरल्या गाडीत काहीतरी बोलला असता. आज सकाळी कॉलेजच्या बाईंचा पुन्हा फोन आला होता. पोरगी येणार आहे, म्हणून सांगितलं मी.