आबांचा कावळा

रविवार, संध्याकाळ. सुरत

खोलीतली पोरं रक्तपिशाच्चाचा पिक्चर बघत्यात. त्यो मेलेला माणूस तीनशे वर्सं फिरतोय, आन् मागतोय काय? नुस्तं रक्त. लई सोपं काम.

सकाळी सारोळ्याला नदीवर आजोबांचा, आमच्या आबांचा, दहावा झाला. मालकानं सुट्टी दिली न्हाई म्हणून म्या हितंच. पिंडाला कावळा शिवंना. आण्णा चुलत्यांनी मला फोन लावला, पिंडाजवळ धरला.

"तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा. गावाकडं येऊन शेती बघतो म्हण."

"आण्णा, मला न्हाई यायचं."

"आरं, सगळा भावकीचा गोतावळा उन्हात उपाशी बसलाय! म्हण की लेका."

म्हणलो. लगेच शिवला म्हणं. शिवायचं तर शिव, पण लगेच?

पिक्चरमधल्याच्या छातीत खुंटी ठोकली की सुटका. आबांना कुठं काय ठोकू? त्यांना रक्त नको, माझा सगळा जल्मच पाहिजे. आन् त्या कावळ्याला एवढी कसली घाई?

आत्ताच आईचा फोन येऊन गेला. "आबांची बाज तुझ्यासाठी धुवून ठिवलीया. कधी येतूस?"

खरं सांगणार होतो. तोंडातून "येतो" गेलं. आता तर समोर कावळाबी नव्हता.